लॅपटॉप एक, माणसं दहाबारा : कोडिंगच्या सराव-सत्राची तयारी

एकाच लॅपटॉपवर दहाबारा जणांनी पाळीपाळीने एक छोटा प्रोग्राम लिहायचा, असं हे सत्र. आधी वार ठरवा, मग जागा. रविवार सगळ्यांना मोकळा असतो खरा, पण मेगाब्लॉकही रविवारीच असतो. म्हणून महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार, दुपारी चार ते साडेसहा. जागा दादरला मिळाली तर मध्य आणि पश्चिम दोन्हीकडची मंडळी कुरकुर न करता येतात. हार्बरवाल्यांना तेवढी कुर्ल्याला गाडी बदलावी लागते. शाळेचा वर्ग, वाचनालयाची खोली, सोसायटीचा हॉल, काहीही चालेल. कुणाच्या ऑफिसची कॉन्फरन्स रूम शक्यतो नको, तिथे यजमान कंपनीतला सीनियर न सांगता साहेब होऊन बसतो. हॉल बघायला जाल तेव्हा पंखे पूर्ण वेगात सोडून मागच्या बाकावर आवाज पोचतो का, ते ऐकून या.

सामान थोडंच लागतं: प्रोजेक्टर, एचडीएमआय केबल आणि तिचा टाइप-सी अडॅप्टर, लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड, जोडायचा साधा कीबोर्ड. लॅपटॉप एकच, आणि त्यावर एक टेस्ट (कोड बरोबर उत्तर देतो का ते तपासणारा छोटा कोड) आदल्या रात्रीच चालवून ठेवलेली. व्हॉट्सअ‍ॅप वेब बंद करा. अक्षरं शेवटच्या रांगेतून वाचता येतील एवढी मोठी करा.

प्रश्न निवडायला मात्र वेळ द्या. नवं फ्रेमवर्क (प्रोग्रामचा तयार सांगाडा) शिकायचा मोह आवरा, अख्खं सत्र इन्स्टॉल करण्यात जातं. प्रश्न दोन वाक्यांत सांगून झाला पाहिजे. बोलिंगचा स्कोअर हा जगभर घासून गुळगुळीत झालेला कटा, म्हणजे सरावाचा ठरलेला प्रश्न आहे, पण आपल्याकडे त्या खेळाचे नियम समजावतानाच चहाची वेळ होते. त्यापेक्षा रकमेत स्वल्पविराम टाकणारं फंक्शन द्या. पहिली टेस्ट: ९९९ तसेच राहावेत. दुसरी: १००० चे १,००० व्हावेत. इथवर तीन-तीनचे गट पाडून कोणीही मोकळं होतं. तिसरी टेस्ट १००००० चे १,००,००० मागते आणि लाल होते, म्हणजे नापास (पास झाली की हिरवी), कारण आपल्याकडे शेवटचे तीन आकडे सोडले की पुढे दोन-दोनचे गट. मग ऋण रक्कम, मग दशांशातले पैसे. भाषेत हे काम करणारं तयार फंक्शन असेल तर त्यावर सुरुवातीलाच बंदी घाला, नाहीतर एखादा हुशार ती एक ओळ टाकून हात झटकतो. हे झेपलं की पुढच्या वेळी चेकवरची अक्षरी रक्कम, तीही मराठीत.

नियम सुरू करण्याआधी फळ्यावर लिहा. एक टाइप करणार, शेजारचा सुचवणार. पाच मिनिटांचा गजर झाला की टाइप करणारा उठतो, सुचवणारा कीबोर्डवर येतो आणि बाकांवरून नवा माणूस शेजारी बसतो. ओळ अर्धी असली तरी उठायचं. बारा जण असतील तर तासाभरात फेरी पूर्ण होते. पंधराच्या वर गेलात तर दोन गट पाडा. टेस्ट लाल असेपर्यंत बाकांवरच्यांनी गप्प बसायचं, हिरवी झाली की डिझाइनवर हवं ते बोला. पॅरिसमध्ये २००५ च्या आसपास रुजलेल्या कोडिंग डोजोची, म्हणजे एकत्र बसून कोडिंगचा सराव करण्याच्या पद्धतीची ही शिस्त आहे, आणि आपल्याकडे तीच सगळ्यात जड जाते. ‘अरे, तिथे इफ टाक ना!’ असं ओरडणाऱ्याला थांबवायला एक माणूस नेमा. वरिष्ठांना दटावताना न कचरणारा असावा. पहिल्या फेरीत नवख्यांची नावं आधी घ्या, म्हणजे ‘मी नुसतं बघतो’ म्हणायची सोय राहत नाही.

चहा-वडापाव मध्येच आणू नका. हातांना तेल लागतं आणि कीबोर्ड एकच आहे.

शेवटची वीस मिनिटं कोड बंद. प्रश्न अर्धवट राहिला तर राहू द्या. कुठे अडलो, कुठली टेस्ट उगाच मोठी घेतली, एवढं प्रत्येकाला विचारा. उठायच्या आत पुढचा प्रश्न कोण आणणार आणि लॅपटॉप कुणाचा, ते नावानिशी ग्रुपवर टाका. पुढच्या वेळी चारच जण आले तरी सत्र घ्या. एकदा रद्द केलंत की दर शुक्रवारी रात्री ‘उद्या नक्की आहे ना?’ असे मेसेज येऊ लागतात.