पिपच्या जाड बुटांपाशी थांबा : व्हिक्टोरियन कादंबरी नव्याने अभ्यासणाऱ्यांसाठी

इंग्रजी घेऊन एम.ए.ला आलेल्या, आणि त्यातही माझ्यासारख्या मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहीत आहे. चार्ल्स डिकन्स कोण, त्याच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या कादंबरीचे कथानक काय, हे आपल्याला ठाऊक आहे असे धरून चालतो. मला सांगायचे आहे ते त्यातल्या 'जेंटलमन' या एकाच शब्दाविषयी, कारण त्या शब्दाने माझे पहिले सत्र वाया घालवले.

अंतर्गत परीक्षेत या कादंबरीचा नायक पिप याच्या महत्त्वाकांक्षेवर प्रश्न आला होता. मी सहा पाने लिहिली. पिपला जेंटलमन व्हायचे असते, म्हणजे चांगला माणूस व्हायचे असते; लंडनला जाऊन तो बिघडतो आणि शेवटी सुधारतो, असा त्या सहा पानांचा गाभा होता. वीसपैकी सात गुण पडले. समासात बाईंनी पेन्सिलीने एवढेच लिहिले होते : 'मग जो कोण?' जो म्हणजे पिपला वाढवणारा त्याचा मेव्हणा, गावचा लोहार. बाईंच्या त्या तीन शब्दांचा अर्थ लागायला मला कित्येक आठवडे लागले, आणि त्या काळात आपण या विषयाच्या लायकीचे नाही, असेच मी मनाशी धरून बसलो होतो.

शाळेपासून 'जेंटलमन' या शब्दापुढे आपण 'सज्जन' किंवा 'सभ्य गृहस्थ' असे लिहीत आलेलो असतो. पुढे कादंबरी इंग्रजीत वाचली तरी डोक्यात तो जुना मराठी शब्दच उमटतो आणि चूक झाल्याचे कळतही नाही. पिपच्या इंग्लंडमध्ये जेंटलमन ही समाजातली एक पायरी होती. पोटासाठी हाताने काम करावे लागू नये, जमिनीचे किंवा ठेवीचे उत्पन्न असावे, बोलणे, कपडे आणि जेवणाच्या टेबलावरची वागणूक ठरावीक वळणाची असावी, म्हणजे माणूस त्या पायरीवर. नुसता पैसा त्याला पुरत नसे. पिप लंडनला शिकायला जातो तेव्हा त्याला कुठल्याही व्यवसायासाठी तयार करायचे नाही, खात्यापित्या घरच्या तरुणांत तो उठून-बसून शोभला म्हणजे पुरे, असे त्याचा वकील जॅगर्स शिक्षकाला आधीच सांगून ठेवतो. सज्जन होण्यासाठी अशी व्यवस्था कोण करील? आणि सज्जनच व्हायचे असेल, तर लोहार असलेला जो गार्जरी पहिल्या पानांपासून सज्जन आहे. पिपने भट्टी सोडून जाण्याचे कारणच उरत नाही. बाईंचा प्रश्न हा होता.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की कादंबरीत हा शब्द जिथे जिथे येतो, तिथे तिथे तो कोण उच्चारतो आणि कोणाविषयी, याची वहीत नोंद करा. काम कंटाळवाणे आहे, पण याला दुसरा रस्ता नाही. बाजारातली गाइडे हे काम करून देत नाहीत. त्यांत 'वर्ग', 'बालपण' आणि 'महत्त्वाकांक्षा' अशी तीन वेगळी प्रकरणे असतात. कादंबरीत या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी एका लहान मुलाच्या अंगावर येतात, आणि तो क्षण गाइडात सापडत नाही.

तो क्षण आठव्या प्रकरणात आहे. मिस हॅविशॅम या श्रीमंत बाईच्या अंधाऱ्या घरात पिप तिच्या दत्तक मुलीसमोर, एस्टेलासमोर, पत्ते खेळायला बसतो. आपण ज्या पानाला गुलाम म्हणतो, त्याला बड्या घरात 'नेव्ह' म्हणत आणि साध्या घरात 'जॅक'. पिप 'जॅक' म्हणतो. एस्टेला तेवढ्यावरून त्याला हिणवते, मग त्याच्या राठ हातांकडे आणि जाड बुटांकडे बोट दाखवते. त्या दिवसापर्यंत आपल्या हातांची लाज वाटावी असे त्याच्या मनातही आलेले नसते. बाहेर अंगणात तो रडतो आणि त्याच्या मनात येते, की जोच जर जरा वरच्या रीतीने वाढला असता, तर आपणही तसेच झालो असतो. हे वाक्य मी अनेकदा वाचले आहे. त्याला अजून काहीही मिळालेले नाही, कोणी काही देऊ केलेले नाही, तरी ज्या एका माणसाने त्याच्यावर माया केली त्याच्यात तो उणे काढू लागला आहे. त्याची महत्त्वाकांक्षा इथे, या लाजेतून जन्मते. ज्यांना पहिल्या वर्षी वसतिगृहाच्या मेसमध्ये स्वतःचे बोलणे एकाएकी गावंढळ वाटू लागले असेल, त्यांना हे पान वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

डिकन्सच्या चरित्रातले एवढे मात्र जरूर लक्षात ठेवा. 1824 मध्ये वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले, आणि बारा वर्षांचा चार्ल्स थेम्सकाठच्या एका बूटपॉलिशच्या कारखान्यात आठवड्याला सहा-सात शिलिंगांवर डब्यांना लेबले चिकटवू लागला. तिथले कामगार त्याला 'यंग जेंटलमन' म्हणत. ही हकीकत वाचकांना कळली ती त्याच्या मृत्यूनंतर, जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून. पण हे चरित्र उत्तरात ओतून कादंबरीला पर्याय म्हणून वापरू नका; दोन वाक्ये पुरतात.

त्याऐवजी खटल्याचा प्रसंग घ्या. मॅगविच आणि कॉम्पिसन हे दोन गुन्हेगार एकाच गुन्ह्यात एकत्र पकडले जातात. कॉम्पिसन शिकलेला, नीटनेटका, बोलण्यात वाकबगार. कोर्टाला त्याची दया येते आणि त्याला सात वर्षे होतात. मॅगविचला चौदा. पुढे हाच मॅगविच ऑस्ट्रेलियात कमावलेल्या पैशाने पिपला जेंटलमन 'घडवतो', आणि ते कळल्यावर पिपला त्याची शिसारी येते. हा प्रसंग समजला की पुढचे आपोआप उलगडते, इतका तो महत्त्वाचा आहे.

बालपणाविषयी आणखी एक इशारा. शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर' (1847) या कादंबरीत दहा वर्षांच्या अनाथ जेनला औषधवाले लॉइड विचारतात, की गरीब नातेवाइकांकडे जाशील का, ते प्रेमळ असले तर? छळ सोसणारी ही मुलगी नाही म्हणते. मोठी झालेली जेन त्यावर लिहिते, की 'कास्ट' गमावून स्वातंत्र्य विकत घेण्याइतकी मी शूर नव्हते. होय, शार्लट ब्राँटेने हाच शब्द वापरला आहे. तो पाहून मी चमकलो होतो आणि थेट आपली जातिव्यवस्था त्यात घालून मोकळा झालो होतो. तसे करू नका. तिथे तो सामाजिक दर्जा या अर्थाने आला आहे. आणि तो शब्द दहा वर्षांच्या मुलीचा नाही, आठवण सांगणाऱ्या बाईचा आहे. पिपच्या बाबतीतही रडणारा मुलगा वेगळा आणि त्याचे रडणे लिहिणारा प्रौढ निवेदक वेगळा. या दोघांना वेगळे करायला जमले नाही, तर उत्तर कितीही लांब झाले तरी उथळ राहते.

हे सगळे एका वाचनात होत नाही. मला तीन वाचने लागली, आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचण्यात काहीही कमीपणा नाही. मार्गदर्शकांबद्दल माझे मत पक्के आहे : जे तुम्हाला तयार टिपणे देतात, ते तुमचा वेळ वाचवत नाहीत, तुमचे वाचन काढून घेतात. समासात तीन शब्द लिहून गप्प बसणारे शिक्षक मिळाले, तर त्यांना सोडू नका.

आता ज्या अर्थाला मी इतका विरोध केला, त्याच्याकडे परत यावे लागेल. डिकन्स तो अर्थ शेवटी परत आणतो. पिप कर्जबाजारी होऊन तापाने फणफणतो, तेव्हा जो गार्जरी त्याची शुश्रूषा करतो, आणि शुद्धीवर आलेला पिप त्याला 'जेंटल ख्रिश्चन मॅन' म्हणतो. जेंटलमन हा शब्दच तिथे मधून फोडून लोहाराला दिला आहे. म्हणजे 'सज्जन' हा अर्थ कादंबरीत आहे, पण पिपला तो मिळतो सत्तावन्नाव्या प्रकरणात. मी तो पहिल्याच पानावर धरला होता.

पण पिपला बळ येऊ लागते तसा जो गार्जरी परत त्याला 'सर' म्हणू लागतो. 'अरे'चे 'अहो' होताना आपल्या घरांत काय घडते हे ठाऊक असलेल्या वाचकाला ते तुटणे जाणवेल. एका सकाळी जो निघून जातो. मागे त्याने फेडलेल्या पिपच्या कर्जाची, 123 पौंड 15 शिलिंग 6 पेन्सची, पावती आणि त्याच्या हातची छोटी चिठ्ठी राहते. सातव्या प्रकरणात याच माणसाला पिपच्या पाटीवरच्या पत्रातली फक्त जे आणि ओ ही अक्षरे ओळखता येत होती. शिक्षणावर प्रश्न आला, तर ती पाटी आणि ही चिठ्ठी शेजारीशेजारी ठेवा आणि तिथूनच उत्तर सुरू करा. चिठ्ठीखालची सही त्याच दोन अक्षरांची आहे.