मोहिकन कट घरी कसा मारायचा, आणि हे मोहिकन नक्की कोण

सलूनमध्ये मोहिकन म्हणा नाहीतर मोहॉक, कट एकच, बाजू साफ आणि कपाळापासून मानेपर्यंत मधोमध केसांचा पट्टा. ब्रिटनमध्ये मोहिकन म्हणतात, अमेरिकेत मोहॉक. माणसं मात्र वेगळी, दोन्ही अमेरिकेतल्या मूळनिवासी जमाती. मोहिकन मूळचे हडसन नदीच्या खोऱ्यातले, त्यांना ढकलत ढकलत शेवटी विस्कॉन्सिनला नेलं आणि आजही तिथे स्टॉकब्रिज-मन्सी या नावाने त्यांचा स्वतःचा कारभार चालतो, त्यामुळे अमेरिकन लेखक कूपरच्या १८२६ च्या 'लास्ट ऑफ द मोहिकन्स' या कादंबरीमुळे ते संपले असं कुणाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढा. मोहॉक हे इरोक्वॉय नावाच्या जमातींच्या संघातले आणि कनेक्टिकटचे मोहेगन अजून तिसरेच. कूपरने मोहेगन सरदार उनकासचं नाव उचलून मोहिकन पात्राला लावलं, मग काय, घोळ वाढणारच.

गंमत म्हणजे मोहॉक पुरुष केस चक्क उपटून काढायचे आणि टाळूच्या मागे फक्त एक झुपका ठेवायचे. आपण जो पट्टा मारतो तो जास्त जुळतो पॉनी (Pawnee) या दुसऱ्याच मूळनिवासी जमातीशी. १९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीत उतरलेल्या काही अमेरिकन पॅराट्रूपर्सनी असा कट मारला होता, नंतर ब्रिटनच्या पंक संगीतवाल्यांनी तो रंगवून वीतभर उंच केला.

आता मशीन घ्या. वरचे केस निदान तीन इंच तरी हवेत, नाहीतर उभं काय करणार? केस धुवून पूर्ण कोरडे करा, ओल्या केसांवर मशीन अडकतं. कंगव्याच्या टोकाने दोन्हीकडे रेघ पाडा, पहिल्यांदा करताय तर एका भुवईच्या मध्यापासून दुसऱ्या भुवईच्या मध्यापर्यंत रुंदी ठेवा. पट्टा नंतर बारीक करता येतो, रुंद करायचा म्हणजे महिनाभर टोपी घालून फिरा. मधले केस क्लिपांनी गच्च बांधा.

बाजूला आधी मशीनचा तीन नंबरचा गार्ड (लांबी ठरवणारा कंगवा) लावा, मग दोन, धीर असेल तर एक, म्हणजे साधारण ३ मिमी. मशीन खालून वर, कान हाताने दुमडून. सगळ्यात जास्त लोक फसतात भोवऱ्यापाशी, कारण तिथे केस गोल फिरलेले असतात आणि पट्ट्यातले केस रेघेवर येऊन पडतात, आपण ते बाजूचे समजून उडवतो आणि मागून रेघ वाकडी. तेवढ्या भागाला थोडं पाणी लावून केस आत वळवा, एक क्लिप जास्तीची लावा. मागचं काम दुसरा आरसा धरून होतं, पण घरात कोणी असेल तर त्याच्याच हातात मशीन द्या.

उभं करायला डोकं खाली वाकवून मुळांपाशी ड्रायर मारा, छोटी छोटी बट धरून कडक स्प्रे, आणि सुकेपर्यंत बट सोडायची नाही. नुसता जेल थापला की केस जड होतात, मुंबईच्या दमट हवेत तर तासाभरात आडवे. पंकवाले साखरेचं पाणी, अंड्याचा पांढरा भाग, साबण काहीही लावायचे, साखरेच्या नादी लागू नका, मुंग्या येतील.

बाजू दहा-पंधरा दिवसांनी परत मारा. ऑफिसमध्ये चालणार नसेल तर बाजूला तीन नंबरवरच थांबा आणि सोमवारी वरचे केस सरळ एका बाजूला पाडा, कोणाला पत्ता लागत नाही.