एम्युलेटरवर गेम चालतो, पण पॅड थरथरत नाही: प्लेस्टेशन आणि गेमक्यूबसाठी व्हायब्रेशनची जुळणी

बटणं पहिल्या झटक्यात चालतात आणि व्हायब्रेशन मात्र रुसून बसतं, हे जवळजवळ प्रत्येक एम्युलेटरवर (जुन्या गेम मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) घडतं. बटणाची माहिती पॅडकडून कॉम्प्युटरकडे येते, तर व्हायब्रेशनचा आदेश उलट दिशेनं जातो: गेम, एम्युलेटरनं उभा केलेला आभासी पॅड, मोटरची जोडणी, विंडोजचा ड्रायव्हर आणि शेवटी हातातली खरी मोटर. मधला एक टप्पा अडला तरी पॅड गप्प राहतो, आणि बहुतेक वेळा स्क्रीनवर काही संदेशही येत नाही. म्हणून शोध हातातल्या पॅडपासून सुरू करा आणि गेमपर्यंत मागे जा. उलट क्रमानं गेलात तर तासन् तास गेमच्या सेटिंगमध्ये जातील आणि दोष केबलमध्ये निघेल.

पॅड स्वतः हलतो का?

एम्युलेटर बंद ठेवा. पॅड एक्सबॉक्सचा असेल तर मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स अ‍ॅक्सेसरीज अ‍ॅपमधून तपासा. इतर पॅडसाठी क्रोममध्ये गेमपॅड तपासणारं एखादं पान उघडून तिथलं व्हायब्रेशनचं बटण दाबा. इथेच काही जाणवलं नाही, तर एम्युलेटरला हात लावण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त पॅडमध्ये विंडोजशी बोलण्याचे दोन मोड असतात, एक्सइनपुट आणि डायरेक्टइनपुट. मोड बदलायला काहींवर मागे सरकतं बटण असतं, काहींवर मधलं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. पॅड एक्सइनपुटमध्येच ठेवा. तेव्हा तो विंडोजमध्ये 'एक्सबॉक्स ३६० कंट्रोलर' अशा नावानं दिसतो. डायरेक्टइनपुटमध्ये बटणं नीट चालतात, पण पीसीएसएक्स२ (प्लेस्टेशन २चा एम्युलेटर) आणि डकस्टेशन (पहिल्या प्लेस्टेशनचा) त्या मार्गानं मोटरला आदेश पाठवतच नाहीत. अगदी स्वस्त पॅडमध्ये कधी मोटरच नसते.

वायरचा पॅड शक्यतो थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअ‍ॅम्पिअरपर्यंत वीज देतो. वेगळा अ‍ॅडॅप्टर नसलेला हब तीच वीज सगळ्यांत वाटतो. मोटर जोरात फिरली की पॅड सुटतो आणि पुन्हा जोडला जातो, असं होत असेल तर पहिला संशय हबवर घ्या.

पीसीएसएक्स२ (प्लेस्टेशन २)

'सेटिंग्ज'मधून 'कंट्रोलर्स' उघडा. 'ग्लोबल सेटिंग्ज'मध्ये एसडीएलचा (पॅडशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीचा) इनपुट स्रोत चालू आहे ना ते पाहा. मग 'कंट्रोलर पोर्ट १'वर जा, प्रकार 'ड्युअलशॉक २' निवडा आणि 'ऑटोमॅटिक मॅपिंग'मधून आपला पॅड निवडा. बटणांबरोबर 'लार्ज मोटर' आणि 'स्मॉल मोटर' हे दोन्ही चौकोन भरले गेले पाहिजेत. बटणं एकेक करून हातानं बसवली असतील तर नेमके हेच दोन रिकामे राहतात.

रिकाम्या चौकोनावर क्लिक केलं की मोटरची यादी उघडते. यादीऐवजी व्हायब्रेशन मोटर असलेलं उपकरण सापडलं नाही असा संदेश आला, तर अडचण एम्युलेटरच्या अलीकडे आहे: मोड, ड्रायव्हर किंवा ब्लूटूथ. यादी दिसली पण गेममध्ये थरथर नाही, तर अडचण पलीकडे आहे. हा एक क्लिक निम्मा शोध संपवतो.

एखाद्याच गेममध्ये व्हायब्रेशन येत नसेल, तर त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये वेगळं इनपुट प्रोफाइल लावलेलं नाही ना ते बघा. तसं असेल तर ग्लोबलमध्ये केलेले बदल तिथे लागू होत नाहीत.

जोर कमी-जास्त करणं

सोनीच्या मूळ ड्युअलशॉक पॅडमध्ये दोन मोटर आहेत. डावीकडच्या मोठ्या मोटरचा वेग ० ते २५५ असा बदलता येतो. उजवीकडची छोटी मोटर फक्त चालू किंवा बंद होते. एक्सइनपुटमध्ये मात्र दोन्ही मोटरना ० ते ६५,५३५ वेग देता येतो. त्यामुळे गेमनं छोटी मोटर 'चालू' केली की आजच्या पॅडवर ती थेट पूर्ण वेगानं फिरते आणि हात बधिर होतात. पोर्टच्या 'सेटिंग्ज' टॅबमध्ये दोन्ही मोटरचं प्रमाण वेगवेगळं ठरवता येतं. छोटी ६० ते ७० टक्क्यांवर आणून पाहा, मोठी १०० वर राहू द्या.

याच्या उलट तक्रारही असते: स्फोट जाणवतो, पण गाडी खडबडीत रस्त्यावर गेल्याची बारीक थरथर जाणवत नाही. मोटरच्या अक्षावर एका बाजूला जड वजन बसवलेलं असतं आणि स्थिर वजन हलवायला किमान जोर लागतो. त्याखालचे आदेश वाया जातात. डकस्टेशनमध्ये यासाठी 'व्हायब्रेशन बायस' आहे. तो थोडा थोडा वाढवा. प्लेस्टेशन ५च्या ड्युअलसेन्स पॅडमध्ये फिरणारी मोटरच नाही, त्यामुळे त्यावर जुन्या गेमचा पोत वेगळा लागणारच.

सोनीचे पॅड ब्लूटूथवर

ड्युअलशॉक ४ केबलवर थरथरतो आणि ब्लूटूथवर नाही, तर पीसीएसएक्स२च्या 'ग्लोबल सेटिंग्ज'मधला 'एन्हान्स्ड मोड' चालू करा. हा मोड पॅडला वेगळ्या प्रकारचे अहवाल पाठवायला लावतो. त्यामुळे डायरेक्टइनपुटवर चालणाऱ्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये बटणं बिघडलेली दिसू शकतात. पॅड बंद करून पुन्हा जोडा.

स्टीम किंवा डीएसफोरविंडोज (सोनीचा पॅड एक्सबॉक्सचा म्हणून दाखवणारा प्रोग्राम) मागे चालू असेल तर एकच पॅड दोनदा दिसतो, एकदा खरा आणि एकदा आभासी एक्सबॉक्स म्हणून. बटणं एकावर आणि मोटर दुसऱ्यावर जोडली गेली की गोंधळ होतो. एकच मार्ग ठेवा. आमचा सल्ला: एसडीएल वापरत असाल तर मधले प्रोग्राम पूर्ण बंद करा.

गेमला पॅड ओळखू द्या

पहिल्या प्लेस्टेशनचा ड्युअलशॉक जपानमध्ये नोव्हेंबर १९९७ मध्ये आला. त्याआधीच्या बहुतेक गेममध्ये व्हायब्रेशन नाहीच; तिथे शोधू नका. नंतरच्या गेमसाठी डकस्टेशनमध्ये पॅडचा प्रकार 'अ‍ॅनालॉग कंट्रोलर' हवा. 'डिजिटल' निवडलात तर गेमच्या लेखी मोटर नसते. प्रकार बदलल्यावर सेव्ह स्टेट (एम्युलेटरनं गेमच्या त्या क्षणाची जशीच्या तशी साठवलेली स्थिती) लोड करू नका. गेम रीसेट करा आणि मेमरी कार्डवरून पुढे जा, कारण कित्येक गेम पॅड सुरुवातीलाच ओळखतात. गेमच्या स्वतःच्या ऑप्शन्समधलं व्हायब्रेशनही पाहा. ते अनेकदा मेमरी कार्डवरच्या सेव्हबरोबर साठवलेलं असतं.

निन्टेंडो ६४ वर रम्बल पॅक आणि मेमरीचा कंट्रोलर पॅक एकाच खाचेत बसत. म्हणून एम्युलेटरमध्येही 'पॅक' या पर्यायात एका वेळी एकच निवडता येतो. कंट्रोलर पॅकवर सेव्ह करणारा गेम असेल, तर सेव्ह करण्यापुरता पॅक बदलून परत रम्बल लावा.

डॉल्फिन (गेमक्यूब)

पोर्ट १ला 'स्टँडर्ड कंट्रोलर' ठेवून 'कॉन्फिगर' उघडा आणि वर आपलं उपकरण निवडा. 'रम्बल'खालच्या 'मोटर' बटणावर राइट क्लिक करा, यादीतून 'मोटर एल' निवडा आणि 'टेस्ट' दाबा. दोन्ही मोटर हव्या असतील तर 'मोटर एल' आणि 'मोटर आर' यांच्यामध्ये | हे चिन्ह टाका. गेमक्यूबच्या पॅडमध्ये एकच मोटर होती आणि ती फक्त चालू-बंद होत असे, त्यामुळे इथे जोर नेहमी पूर्ण असतो. त्याच खिडकीतली 'रेंज' ५० टक्क्यांच्या आसपास आणा.

एम्युलेटर अडकला आणि पॅड थरथरतच राहिला तर घाबरू नका. एक्सइनपुटमध्ये शेवटचा दिलेला वेग नवा आदेश येईपर्यंत तसाच राहतो. केबल काढा किंवा पॅड बंद करा, मोटर थांबेल.