सिडकोत नवीन आलात? एकादशीला भजनाला या

नाशिकमध्ये अंबडला किंवा सातपूरला नोकरी लागली, सिडकोत खोली मिळाली, नळाची वेळ कळली, की महिनाभरात माणूस वरवर रुळतो. रविवारी दुपारी मात्र घर खायला उठतं. अमळनेरकडून येऊन मला एकवीस वर्षं झाली, तरी ते पहिले रविवार विसरले नाही. म्हणून आग्रहानं सांगते, आमच्या भजनाला या.

इथे जात-धर्म कुणी विचारत नाही. वीणा बायकांच्याही गळ्यात येते. गावी मी ती लांबूनच पाहिली होती. इथे पहिल्यांदा घेतली तेव्हा देणारे आजोबा रीतीप्रमाणे माझ्या पाया पडले आणि मी दचकून पाय मागे घेतले. तुम्ही घेऊ नका. आपणही वाकायचं, बस्स.

पहिल्याच दिवशी कुणीतरी हातात टाळ देईल. येत नाही म्हणून परत करू नका. मृदंगाजवळ बसा, पहिला अभंग नुसता ऐका, दुसऱ्याला हलका ठेका धरा. शेजारच्याचा टाळ ऐकू येईनासा झाला, तर आपला जोरात वाजतोय असं समजा. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं आणि कीर्तन दुसरं. हा क्रम आम्ही खरोखर पाळतो.

पसायदान झालं की अर्धा तास बोलणं असतं. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. उपाय सुचवायचे नाहीत, समजूत घालायची नाही. हे मला फार जड गेलं.

2 मार्चला आम्ही चोखोबांचे अभंग घेतो. 1930 साली त्याच दिवशी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली पंचवटीत काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटानं लढवला, पण कित्येक वर्षं झगडूनही दार उघडलं नाही. आमच्यातले एक काका बौद्ध आहेत. ते विठ्ठलापुढे हात जोडत नाहीत, चोखोबांसाठी येतात. त्यांचे आजोबा त्या गर्दीत होते. एका वर्षी ते सांगत असताना मी मध्येच म्हणाले, "आता तसं काही राहिलं नाही, काका." ते थांबले. चष्मा काढून पुसत राहिले. पुढच्या बैठकीला आलेच नाहीत.

मग मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "काका, त्या दिवशी तुमचं बोलणं राहिलं." ते दीड तास बोलले. आजोबांबद्दल थोडं, स्वतःला सोसाव्या लागलेल्या गोष्टींबद्दल जास्त. चहावर साय धरली. मी एक शब्द बोलले नाही, आणि निघताना त्यांनी विचारलं, "एकादशी कधी आहे?"

उशिरा आलात तरी चालेल, पण सतरंज्या उचलायला थांबा. खऱ्या ओळखी तेव्हाच होतात. घरी अहिराणी बोलत असाल तर इथेही बोला, लाजू नका. दोन एकादशा दिसला नाहीत तर फोन येईल. तो चौकशीचा नसतो, काळजीचा असतो.

पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला आम्ही त्र्यंबकला पायी जातो. कोऱ्या चपला घालू नका. काका सातपूरपर्यंत सोबत येतात आणि तिथून रिक्षानं परत फिरतात. तेवढी वाट त्यांच्या शेजारून चाला.