वॉर्डात हातांच्या स्वच्छतेची सवय कशी लावावी

हातांच्या स्वच्छतेवर व्याख्यान ठेवण्यापूर्वी इन्चार्ज सिस्टरांनी एक काम करावे. सकाळच्या औषधांच्या वेळी वॉर्डात उभे राहून प्रत्येक खाटेपासून जवळचे बेसिन किती पावलांवर आहे, ते मोजावे. तीस खाटांच्या वॉर्डात बेसिन एकच असेल आणि तेही टोकाला असेल, तर साबण-पाण्याने हात धुण्यास लागणारे ४० ते ६० सेकंद आणि येण्याजाण्याचा वेळ प्रत्येक रुग्णामागे काढणे कोणालाही शक्य नसते. त्याला आळस म्हणणे कर्मचाऱ्यांवर अन्याय करणारे आहे. अल्कोहोलयुक्त हॅन्डरबने, म्हणजे हातांवर चोळायच्या जंतुनाशक द्रवाने, हेच काम २० ते ३० सेकंदांत, खाटेजवळच होते. म्हणून पहिला खर्च भित्तिपत्रकांवर न करता प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी आणि ड्रेसिंग ट्रॉलीवर बाटली ठेवण्यावर करावा. बालरुग्ण आणि मनोरुग्ण विभागांत मात्र हॅन्डरब पोटात जाण्याचा धोका असल्याने बाटली कर्मचाऱ्यांच्या खिशातच असावी. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात खाटेजवळचे हॅन्डरब, भित्तिपत्रके आणि नियमित निरीक्षण यांची जोड दिल्यावर हात स्वच्छ करण्याचे प्रमाण १९९४ मधील ४८ टक्क्यांवरून १९९७ मध्ये ६६ टक्क्यांवर गेले आणि त्याच काळात रुग्णालयात होणारे संसर्गही घटले.

यानंतर प्रशिक्षण द्यावे, तेही सभागृहात न देता खाटेजवळ उभे राहून. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले पाच प्रसंग एकाच रुग्णावर दाखवता येतात: नाडी पाहण्यासाठी रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, सलाईनच्या सुईतून इंजेक्शन देण्यापूर्वी, लघवीची पिशवी रिकामी केल्यानंतर, रुग्णाला हात लावून झाल्यानंतर, आणि रुग्णाला न शिवता केवळ त्याच्या खाटेचा कठडा किंवा लॉकर हाताळला असेल तरीही. घाण लागल्यावर हात धुणे आपल्याला सहज सुचते, कारण त्यात स्वतःचे रक्षण असते. पहिला आणि शेवटचा प्रसंग मात्र हमखास सुटतो, म्हणून सराव त्यांचाच अधिक घ्यावा.

हातमोज्यांविषयी स्पष्टपणे बोलणे आवश्यक आहे. एकाच जोडीने चार रुग्ण हाताळले, तर हात स्वच्छ राहिल्यासारखे वाटते आणि जंतू मात्र खाटेवरून खाटेवर जातात. मोजे घालण्यापूर्वी गरजेनुसार आणि काढल्यानंतर प्रत्येक वेळी हात स्वच्छ करावेतच. हॅन्डरब तळहात भरेल इतके घेऊन अंगठे, बोटांची टोके आणि बोटांमधील जागा यांना लावावे आणि हात पूर्ण वाळेपर्यंत चोळावे. हात दिसण्याइतके मळले असतील किंवा क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल (पूर्वीचे नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल) या आतड्यातील जंतूमुळे जुलाब होणाऱ्या रुग्णाची शुश्रूषा केली असेल, तर साबण-पाणीच वापरावे, कारण या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत.

हाताची आग होते, कातडी फुटते, ही तक्रार खरी असते आणि ती ऐकून घ्यावी. अनेकदा साबणाने धुतल्यावर ओल्या हातांवर लगेच हॅन्डरब लावल्याने असे होते. ग्लिसरीन असलेले हॅन्डरब निवडावे आणि हाताला लावण्याचे क्रीम रुग्णालयानेच पुरवावे. अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवण्याची विनंती खासगीत, आदराने करावी. अनेकींच्या दृष्टीने तो केवळ दागिना नसतो.

मोजमाप दरमहा करावे. पाहिलेल्या ५० प्रसंगांपैकी ३० वेळा हात स्वच्छ केले गेले, तर प्रमाण ६० टक्के झाले. हा आकडा वॉर्डाच्या नावाने फलकावर लावावा. व्यक्तीचे नाव कधीही लावू नये. कोणी पाहत आहे हे कळताच प्रमाण वाढते, त्यामुळे हॅन्डरब किती लिटर संपले हेही नोंदवावे. वरिष्ठ डॉक्टर राऊंडला दुसऱ्या खाटेकडे वळताना बाटलीकडे हात नेतात की नाही, हे इंटर्न न सांगता टिपून घेतात. म्हणून विभागप्रमुखांशी आधी बोलावे. वॉर्डातील मावशी आणि मामा यांनाही याच प्रशिक्षणात, मराठीतून, बरोबरीने बसवावे.

शेवटी, रविवारच्या रात्रपाळीत बाटली संपली तर ती कोण भरेल, त्या व्यक्तीचे नाव ड्युटीच्या तक्त्यावर लिहावे आणि भरलेल्या बाटल्यांच्या कपाटाची किल्ली रात्री वॉर्डातच ठेवावी.