शास्त्रीय गाणं रेकॉर्ड करायला शिकताय? आधी खोली ऐका

ध्वनिमुद्रणात येऊ पाहणारी मुलं पहिला प्रश्न विचारतात तो माइकचा. कोणता घेऊ? मी मुख्यतः शास्त्रीय गायन रेकॉर्ड करतो आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: माइक नंतर, आधी खोली ऐका. पंखा, एसी, फ्रिज बंद करा, हेडफोन लावा, गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण) वाढवा आणि दोन मिनिटं गप्प बसा. पाण्याची मोटर, जिन्यातल्या चपला, शेजारचा मिक्सर. आपला कान हे सगळं बाजूला सारायला सरावलेला असतो, माइकला ते जमत नाही.

मग गोधड्या, भिंतींवरून परतणारा आवाज शोषायला. कार्डिऑइड माइक, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, पाठीमागून जवळजवळ बहिरा असतो. त्याचं तोंड गायकाकडे, म्हणजेच गायकामागच्या भिंतीकडेही असतं. म्हणून पहिली गोधडी गायकाच्या पाठीमागे टांगा. माइक वीत-दीड वीत अंतरावर ठेवा. अंतर दुप्पट केलं की थेट आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. फार जवळ आणलात तर खर्ज फुगतो.

लेव्हलची घाई नको. 24 बिटवर (रेकॉर्डिंगच्या बारकाईची सेटिंग) आलापाची लेव्हल कमी दिसली तरी बिघडत नाही. तार सप्तकातली तान मीटरवर -6 डेसिबलच्या खाली राहिली पाहिजे, कारण फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही. 50 हर्ट्‌झची घरघर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, पुष्कळदा तिथेच थांबते.

आता तानपुरा. इथे नवशिके सगळ्यात जास्त नुकसान करतात, आणि ऐकताना मला खरोखर त्रास होतो. नॉइज रिडक्शन सॉफ्टवेअर एकसारखा चालणारा आवाज हुडकून वजा करतं, आणि तानपुरा तर सतत चालूच असतो! घोडीवर तारेखाली सूत सरकवून, केसाएवढा फरक करत गायक जवारी, म्हणजे तारेची झणकार, लावतो. ती झणक एका क्लिकमध्ये पुसली जाते. म्हणून तानपुरा छेडण्याआधी रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि सॉफ्टवेअरला नमुना म्हणून फक्त तोच द्या. गायकाचा श्वास काढू नका, तो लयीचा भाग आहे. पेटीच्या भात्याचा आवाज येतोय? माइक सरकवा.

पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-दूरचित्रवाणी संस्थेत ध्वनीचा रीतसर अभ्यासक्रम आहे. तिथे जमलं तर उत्तम. नाहीतर एखाद्या चांगल्या रेकॉर्डिस्टच्या हाताखाली केबल गुंडाळत शिका. पण गाणं ऐकायची सवय दोन्हीकडे लागतेच.

मूळ फाइल कधीही पुसू नका. साफ केलेली आणि मूळ, दोन्ही सारख्याच व्हॉल्यूमवर लावा आणि तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार, म्हणजे स्वयंभू गंधार, शोधा. मूळ फाइलमध्ये तो ऐकू येतोय आणि साफ केलेल्या फाइलमध्ये विरलाय, असं झालं तर नॉइज रिडक्शन निम्म्यावर आणा आणि पुन्हा ऐका.