अल्टिमीटर जळायचा थांबला, २.२ ओहमने

सांगलीत घरच्या गच्चीवर रॉकेटच्या अल्टिमीटरची, म्हणजे उंची मोजून पॅराशूट उघडायला लावणाऱ्या बोर्डाची, चाचणी घेत होतो. पॅराशूट उघडणाऱ्या इग्नायटरने (करंट मिळताच पेटणारी वात) पेट घेतला, पण जळाल्यावर त्याच्या उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या आणि बोर्डावरचा मॉस्फेट, म्हणजे इग्नायटरला करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, गेला. महिनाभर जपून जोडलेला बोर्ड होता, फार वाईट वाटलं.

चूक बॅटरीच्या निवडीत होती. आधी ९ व्होल्टची साधी बॅटरी असायची. तिचा अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे करंट आपोआप आवरला जाई. दोन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) मात्र शॉर्ट झाली की क्षणात दहा-वीस अँपिअर सहज ओतते. माझा मॉस्फेट ५ अँपिअरचा.

गणपती पेठेतून २.२ ओहम, ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर आणला आणि इग्नायटरच्या तारेत सिरीजमध्ये जोडला. पूर्ण चार्ज लिपो ८.४ व्होल्ट, म्हणजे पूर्ण शॉर्ट झाला तरी ३.८ अँपिअरच. दीड ओहमच्या इग्नायटरला साधारण २.३ अँपिअर मिळतात, माझ्या इग्नायटरला ते भरपूर. पल्स सेकंदभराचीच, म्हणून ५ वॅट पुरतात.

रेझिस्टर बॅटरीच्या मुख्य तारेत मात्र घालू नका. इग्नायटर चालू होताच व्होल्टेज पडतं आणि प्रोसेसर हवेतच रीसेट होऊ शकतो.

नंतर तारा मुद्दाम शॉर्ट करून पाहिल्या. बोर्ड शाबूत!